वर्ध्याची शाळा आणि गांजाचा परवाना

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी धामणगाव सोडून वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि पुलगावास येते, तेथून वर्धा जिल्हा सुरू होतो. दोहों बाजूंस काळी कसदार जमीन, कपाशी व तुरीची शेते, मधून मधून बाभळीची झाडे, असा हा सपाट मुलूख आहे. जिल्हा नागपुराहून वेगळा निघाला तो १८६२ साली. वर्धा शहर त्याहून धाकटे, १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी आखून वसविलेले. रेल्वे नागपुरास पोहोचली १८६७ साली. म्हणजे जिल्हा, शहर आणि रेल्वे ही तिन्ही भावंडे एकाच पाच-सहा वर्षांत जन्मली.

येथे उतरणारे बहुतेक प्रवासी सेवाग्रामची बापूकुटी आणि पवनार येथील धाम नदीच्या काठचा विनोबांचा आश्रम पाहून परततात. ते योग्यच आहे. परंतु वर्ध्यात आणखी एक स्थळ आहे, ज्याकडे यात्रेकरूचे लक्ष सहसा जात नाही. ते म्हणजे नवभारत विद्यालय. एका जुन्या शाळेत पाहण्यासारखे काय असावयाचे, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर देण्यासाठी प्रथम गांजाच्या दुकानाची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

आजच्या तरुण पिढीस हे खरे वाटणार नाही, परंतु आपल्या पणजोबांच्या काळी गांजा ही सरकारी परवान्याने, उघड्या बाजारात, तराजूने तोलून विकली जाणारी वस्तू होती. एकाच झाडाचे हे तीन पदार्थ: पाने ती भांग, मादी झाडाचा फुलोरा तो गांजा, आणि चीक तो चरस. मध्यप्रांतात गांजाचे पीक वाटेल त्याने वाटेल तेथे काढावयाचे नाही, असा दंडक होता. लागवड निमाड जिल्ह्यात खांडव्याच्या आसपास, तीही परवाना घेऊन. तेथल्या सरकारी गोदामात माल जमा व्हायचा, आणि तेथून सरकारच्या दाखल्यानिशी जिल्ह्याजिल्ह्यांतील दुकानांस जायचा. प्रांतातील इतर जिल्ह्यांप्रमाणे वर्धा जिल्ह्यातही अशी परवान्याची दुकाने असत. दुकानदार हा मक्तेदार. दुकान चालविण्याचा हक्क तो लिलावात बोली बोलून मिळवी, आणि मालावरचा कर निराळा भरी. एका गिऱ्हाइकास एका वेळी किती द्यावयाचे यास मर्यादा होती. अबकारी खात्याचा अंमलदार केव्हा येऊन वजनकाटा व वही तपासील याचा नेम नसे.

ही व्यवस्था बरी की वाईट, हा प्रश्न १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात निघाला आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने एक चौकशी मंडळ नेमले. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष, आणि सात सभासदांपैकी तीन एतद्देशीय. मंडळाने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांतील कागदपत्रांची त्याने केलेली तपासणी आजही वाचण्यासारखी आहे. गांजाने वेड लागले, अशा नोंदी इस्पितळांच्या दप्तरांत पुष्कळ होत्या. परंतु एकेका रोग्याची हकीकत खोदून पाहता, रोगी पोलिसांनी आणून सोडला, कारण ठाऊक नाही, रकाना मात्र भरावयाचा, म्हणून ‘गांजा’ लिहिला, असे अनेक ठिकाणी निघाले. १८९४ च्या अहवालात मंडळाने असा निर्वाळा दिला की बेताने सेवन करणारास फारसा अपाय होत नाही, अतिरेकाने मात्र होतो. सबब संपूर्ण बंदी करू नये, तर लागवड एके ठिकाणी आणावी, भरपूर कर बसवावा, दुकानांची संख्या मोजकी ठेवावी आणि जवळ बाळगावयाच्या मालास मर्यादा घालावी.

वाचणारास हा निर्णय समंजस वाटेल, आणि कित्येक अंशी तो होताही. तथापि त्यात एक गोम राहून गेली. ज्या सरकारने खप आवरावयाचा, त्याच सरकारच्या तिजोरीत खपाचा पैसा पडावयाचा. दुकान लिलावात जितके महाग जाईल तितका महसूल अधिक. आणि महाग घेतलेले दुकान भरून काढावयाचे तर मक्तेदाराने माल अधिक खपविलाच पाहिजे. नियम कागदावर कितीही कडक असोत, चाकाचा ओघ खपाच्या दिशेने राहतो. घरातील कर्त्या पुरुषाने मुलास म्हणावे, “विडी ओढू नकोस,” आणि विडीच्या कारखान्यात स्वतःची भागी ठेवावी, तसलाच हा प्रकार.

१९१९ च्या राज्यसुधारणांनी ही गाठ अधिकच घट्ट केली. प्रांतांच्या लोकनियुक्त मंत्र्यांकडे जी खाती सोपविण्यात आली, त्यांत शिक्षण होते आणि अबकारीही होती. शाळा काढावयाच्या तर पैसा पाहिजे, आणि हाती असलेला मोठा पैसा म्हणजे दारू, ताडी, अफू व गांजा यांच्या दुकानांचा. अशा रीतीने बापाच्या व्यसनावर मुलाची शाळा चालू लागली.

आता नवभारत विद्यालयाकडे वळू. १९३७ साली या संस्थेचे नाव मारवाडी विद्यालय असे होते आणि तिचा रौप्यमहोत्सव साजरा व्हावयाचा होता. त्या निमित्ताने २२ व २३ ऑक्टोबर रोजी येथे शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी, समोर डॉ. झाकीर हुसेन, विनोबा, काकासाहेब कालेलकर, मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि मध्यप्रांताचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली होती. दारूबंदीचे वचन त्यांनी दिलेले होते, आणि सर्वांस शिक्षण देण्याचेही. दोन्ही वचने एकदम पाळावयाची कशी, हा पेच होता. मुलांना शिकविण्यासाठी व्यसनाच्या उत्पन्नावर विसंबावे लागावे, यासारखी क्रूर थट्टा नाही, अशा आशयाचे गांधीजींनी त्या वर्षी लिहिले होते. त्यांचे उत्तर असे होते की हा पैसा सोडूनच द्यावा आणि शाळा अशी बांधावी की तिला त्या पैशाची गरज पडू नये. चरखा, शेती, सुतारकाम अशा एखाद्या उद्योगाभोवती सारे शिक्षण गुंफावे, आणि मुलांच्या हातच्या कामातून शाळेच्या खर्चास हातभार लागावा. यातूनच नई तालीम निघाली. झाकीर हुसेन समितीने डिसेंबरात अहवाल दिला आणि पुढे सेवाग्रामास तिची शाळा उभी राहिली.

मुलांच्या श्रमावर शाळा चालवावी हे तेव्हाही अनेक शिक्षणतज्ज्ञांस पटले नव्हते, आणि सर्वत्र ती योजना टिकलीही नाही. आमचेही मत त्यांच्याच बाजूचे आहे. परंतु उत्तर बाजूस ठेवले तरी प्रश्न खरा होता, आणि तो इतक्या स्पष्टपणे या दिवाणखान्यात विचारला गेला, म्हणून ही इमारत पाहण्याजोगी.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९८५ च्या नोव्हेंबरात अमली पदार्थांचा अखिल भारतीय कायदा अमलात आला आणि गांजा व चरस निषिद्ध झाले; वीस किलोंहून अधिक गांजा सापडल्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. फुलोऱ्याविना असलेली पाने, म्हणजे भांग, मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली व राज्यांच्या हाती गेली. त्यामुळे राजस्थानात जैसलमेरास भांगेचे परवानाधारक दुकान उघड दिसते. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये भांगेसही परवान्याविना मुभा नाही. उरला तो औषधाचा मार्ग. आयुर्वेदात हिचे नाव विजया. शार्ङ्गधराच्या संहितेतील जातीफलादि चूर्ण, जे जुनाट अतिसारावर देतात, त्यात ती आहे. औषधांच्या नियमांत ती विषारी द्रव्यांच्या यादीत असल्याने डबीवर, वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे, अशी ताकीद इंग्रजी व हिंदीत छापावी लागते.

वर्ध्याच्या मुक्कामात एका वृद्ध वैद्यांच्या औषधालयात घटकाभर बसण्याचा योग आला. तेवढ्यात एक मध्यमवयीन बाई आल्या. म्हणाल्या, “वैद्यबुवा, सासूबाईंचे गुडघे फार दुखतात. भाच्याने मुंबईहून कळविले आहे, विजयेचे तेल पोटात घ्यायचे असते म्हणे. एक बाटली द्या.”

“ताई, आजींना घेऊन या,” वैद्यबुवा म्हणाले. “त्यांना पाहिल्याशिवाय मी द्यायचा नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, झोपेच्या असतील. म्हातारे माणूस रात्री उठताना घेरी येऊन पडले, तर गुडघा राहील बाजूला आणि खुबा मोडेल.”

“अहो, त्या जिना उतरत नाहीत.”

“मग मी संध्याकाळी येतो. पण बाटली आता नाही.”

बाई थोड्या नाराज होऊनच गेल्या. वैद्यबुवांनी हसत एक वही पुढे केली. या जातीचे प्रत्येक औषध कोणास, किती, कोणाच्या चिठ्ठीवर दिले, हे तीत तारीखवार लिहिलेले होते. मी विचारले, “असे गिऱ्हाईक परतविल्याने नुकसान होत असेल?” ते म्हणाले, “होतेच की. पण माझे पोट या एका बाटलीवर नाही, म्हणून मला परतवता येते.”

हे शेवटचे वाक्य आम्हांस फार मोलाचे वाटले. सांप्रत अमेरिकेत व कॅनडात गेलेल्या आपल्या मुलाबाळांच्या पत्रांतून गांजाच्या कायदेशीर दुकानांची वर्णने येतात: दाराशी वयाचा दाखला पाहतात, माल मोहोरबंद, रोपापासून पुडीपर्यंत प्रत्येक नगाची नोंद. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून अशी विक्री खुली केली. कोलोरॅडो संस्थानात ती १ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. आणि तेथील मतदारांनी २०१२ साली जी घटनादुरुस्ती मंजूर केली, तीत गांजावरील उत्पादनशुल्काच्या पहिल्या चार कोटी डॉलरांचा विनियोग कशासाठी ठरला असेल? शाळा बांधण्यासाठी! वर्ध्याच्या दिवाणखान्यातला प्रश्न पाऊणशे वर्षांनी सातासमुद्रापार उभा राहिला. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडात, २०२२ साली बंधने उठविली, दुकानांचा सुळसुळाट झाला, आणि २०२५ साली पुन्हा वैद्याच्या चिठ्ठीची अट घालावी लागली.

यावर कोणी म्हणेल, मग सरसकट बंदीच बरी. त्याने वर्धा जिल्ह्यातच चार दिवस राहावे. गांधी-विनोबांची ही भूमी म्हणून येथे गेली सुमारे पन्नास वर्षे दारूबंदी आहे. पण नदीपलीकडे अमरावती व यवतमाळ, इकडे नागपूर. पूल ओलांडला की दुकान उघडे. चोरट्या दारूच्या बातम्या वर्तमानपत्रांत नित्य येतात. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. परवान्याने लोभ सुटत नाही, तसाच तो बंदीनेही सुटत नाही. बंदीत त्याची वहीसुद्धा राहत नाही.

तेव्हा आपल्या घरांपुरते इतके ध्यानी धरावे की कायद्याने संमत असलेले दुकान आणि विश्वासाचे दुकान या दोन वस्तू एक नव्हेत. फलकावरच्या परवान्याबरोबरच, आपल्याला “नाही” म्हणण्याची सोय त्या दुकानदारास आहे की नाही, हेही पाहावे. घरातील वडील माणसांच्या दुखण्यावर कोणी दूरून असले औषध सुचविले, तर त्यांस आधी वैद्यास दाखवावे, चालू असलेली सारी औषधे त्याच्यापुढे मांडावी, आणि मग तो सांगेल तेवढेच द्यावे.

वर्ध्यास जावयाचे तर हिवाळ्यात जावे. उन्हाळा येथला फार कडक. सकाळी सेवाग्राम, दुपारी पवनार, आणि परतीच्या गाडीस अवकाश असेल तर नवभारत विद्यालय. मुले बरोबर असल्यास, त्यांच्या शाळेचा पैसा कोठून येतो, हे त्यांस तेथे अवश्य सांगावे.