एकसरचे वीरगळ

सांडोरच्या वाड्या मागें टाकून वसईस आगगाडींत बसलें, कीं बोरिवलीस उतरून एकसरचे वीरगळ पाहतां येतात. सुमारें दहा फूट उंचीच्या या स्मृतिशिळांवर वल्ह्यांचीं गलबतें, दर्यावरील झुंज आणि शिवलोकीं पोंचलेले वीर कोरले आहेत. सुमारें १२६५ सालीं यादव महादेवाशीं लढतांना शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रांत बुडाला; त्याच युद्धाचें हें चित्र असावें, असें अनेक इतिहासज्ञ मानतात. चीनमध्यें इ. स. पू. ११७ त वारलेल्या हुओ छ्युबिंग या सेनापतीच्या समाधीपाशीं दगडी घोडा शत्रूस तुडवीत उभा आहे. तो घोडा जय सांगतो. आमची शिळा मरण पावलेल्यांस मान देते. वाचकहो, ती झिजून जाण्यापूर्वीं मुलांबाळांसह एकवार अवश्य पाहावी.