अजमेरची देग

पुष्करास जाणाऱ्या यात्रेकरूंस अजमेर हें वाटेवरचें गांव. तेथील ख्वाजा मुइनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यांत बुलंद दरवाजा ओलांडतांच चुलाणांवर बसविलेले दोन प्रचंड हंडे दृष्टीस पडतात. त्यांस 'देग' म्हणतात. पायऱ्या चढून वर गेल्यावांचून आंत डोकावतां येत नाहीं. थोरली देग अकबराची म्हणून प्रसिद्ध आहे. चितोड घेतल्यावर नवस फेडण्यासाठीं १५६८ सालीं तो पायीं इकडे निघाला होता. धाकटी जहांगिराची. ती आग्र्यास घडवून १६१४ च्या सुमारास येथें आणिली, आणि तींतील अन्नानें पांच हजार गोरगरीब तृप्त झाले, असें त्यानें आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविलें आहे.

इस्लामी शिकवणींत भोजनाचे नियम बारकाईनें सांगितलेले आढळतात. ईश्वराचें नांव घेऊन आरंभ करावा, उजव्या हातानें जेवावें, सामाईक ताटांतील आपल्यापुढचेंच घ्यावें, अन्नास नांवें ठेवूं नयेत. पोटाचे तीन भाग कल्पून एक अन्नास, एक पाण्यास व एक श्वासास द्यावा. हें वाचून आम्हांस वाग्भटाचें स्मरण झालें. त्यानें कुक्षीचे चार भाग मानून दोन अन्नास व एक पेयास दिला आणि चौथा वायूसाठीं मोकळा ठेविला. परंतु वाग्भटाची दृष्टि वैद्याची; पैगंबरांच्या उपदेशांत आणखी एक पायरी आहे. दोघांचें अन्न तिघांस पुरतें, असें ते सांगतात. कुराणांतही दरिद्री, पोरका व बंदिवान यांस आभाराचीही अपेक्षा न धरितां जेवूं घालणाऱ्यांची प्रशंसा आहे. म्हणजे मिताहारानें जें उरेल, तें दुसऱ्याचें.

देगेंत तांदूळ, साखर, तूप, सुका मेवा व केशर यांचा गोड भात शिजतो. मांस मुळींच नसतें. कोणत्याही धर्माच्या माणसास तो घेतां यावा, हा हेतु. याखेरीज लंगरखान्यांत जवाची पेज गरिबांस वाटितात.

आम्हांबरोबर आमच्या वडील वहिनी होत्या. त्यांचें सोंवळें आजन्म कडक. द्रोण पुढें येतांच त्यांनीं हळूच विचारिलें, "भावोजी, घेतलेंच पाहिजे का?" आम्हीं म्हटलें, "सक्ती कोणाचीच नाहीं." त्यांनीं द्रोण कपाळीं लावून शेजारच्या एका भुकेल्या पोरास दिला. मग पायऱ्या चढून, पुष्करास ब्राह्मणभोजनाकरितां गांठीस बांधिलेल्या पैशांतील निम्मे त्यांनीं देगेंत टाकिले. "खाण्याचा नेम माझा आहे, खाऊं घालण्यास कसला नेम?" एवढेंच त्या बोलल्या.

आम्हीं मात्र तो भात खाल्ला. उत्तम शिजला होता. घरीं परतल्यावर आमच्या मंडळींत कोणी वहिनींस शहाण्या म्हटलें, कोणी आम्हांस धीट. आमच्या मतें त्या दिवशीं अन्नाचा धर्म दोघांत त्यांनाच अधिक उमगला होता.