आधार कार्डावरचा फोटो

काल दारव्ह्यात फोटो स्टुडिओत बसलो होतो. एक पोरगा वडिलांचं आधार कार्ड घेऊन आला. तेरवीसाठी मोठा फोटो करून पाहिजे होता. दुसरा फोटोच नाही म्हणे.

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत साध्या माणसांच्याही फोटोंना बक्षिसं मिळतात. आपल्या अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांचे चेहरे टिपले, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडे मात्र माणूस भिंतीवर जातो तो हार घालूनच!

नगर परिषदेनं तालुक्यातल्या जित्या माणसांच्या फोटोंची स्पर्धा घ्यावी. सभागृहात नेत्यांचे फोटो आहेतच, शेजारी निंदणाऱ्या बायाही लागू द्या.

घरी येऊन बाबांना अंगणात बसवलं. "टोपी घालू का?" तीनदा विचारलं त्यांनी.