आजीचे वचन

सन २००६ मध्ये मालेगावास चिकुनगुन्याची साथ आली; नाशकात आमच्या आजीचेही सांधे धरले. ‘एकदा येऊन गेलेला ताप परत फिरकत नाही,’ असे ती पुढे म्हणे. त्या तापापुरते ते बहुधा खरेच. रक्तातील प्रतिपिंडे आपल्या दोन भुजांच्या टोकांनी विषाणूच्या पृष्ठावरील नेमका आकार ओळखून त्यास जखडतात. पेशीत शिरू देत नाहीत. डेंग्यूच्या विषाणूचे मात्र चार प्रकार! एकासाठी घडलेली प्रतिपिंडे दुसऱ्यास अर्धवट धरतात, आणि कधी कधी त्यालाच पेशीचे दार उघडून देतात. हे मजला ठाऊक नव्हते. डेंग्यूतून उठलेल्या धाकट्या भावास पुढल्या पावसाळ्यात पुन्हा ताप भरला, तेव्हा आजीच्या वचनावर विसंबून मी दोन दिवस दवडले. तिसऱ्या दिवशी त्याच्या हिरड्यांतून रक्त आले. तो वाचला. आजीस यातले काही मी अद्याप सांगितलेले नाही.