मातीच्या गावी

खंजिराच्या मुठीवरची कळ दाबायची, आतली वाळू सांडायची आणि घडून गेलेला काळ उलटा फिरायचा! मेलेला माणूस उठून बसायचा, हरलेला डाव पुन्हा मांडायचा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा २०१० सालचा चित्रपट या एका जादूवर उभा आहे. शिवाय तलवारी आहेत, घोडे आहेत, शूर राजपुत्र आहे आणि बेन किंग्जलेने रंगवलेला कपटी काकाही आहे. मराठी प्रेक्षकाला राघोबादादांची आठवण झाल्यावाचून राहत नाही!

कथेतले अलमूत हे इराणमधले. खरा अलमूतचा किल्ला तिथल्या एल्बुर्झच्या डोंगरात होता. १२५६ साली मंगोलांनी तो मोडला. सिनेमावाल्यांनी मात्र आपले प्राचीन इराण शोधले ते हजारो मैल दूर, मोरोक्कोत. त्यांनी निवडलेल्या जागांपैकी एक म्हणजे ऐत बेनहद्दू. ते पाहायचेच, असे आम्ही उभयतांनी ठरवले.

मराकेशहून मोटार निघाली की ॲटलासचा घाट लागतो. माथ्यावरची तिझी-न-तिश्का ही खिंड २,२६० मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही सहाशे मीटर वर. घाट उतरला की हिरवा रंग संपतो. डोंगर तांबडे, रस्ता तांबडा, आणि एका वळणावर नदीपलीकडे टेकडीला बिलगून बसलेले ते गावही तांबडे! सहारातून मराकेशला जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांची ही वाट. म्हणून गावाला तट, कोपऱ्यांना बुरूज, आत मशीद आणि तांड्यांसाठी सराई. धान्याचे कोठार अगदी माथ्यावर. आज उभी असलेली घरे मात्र सतराव्या शतकापलीकडची नसावीत. १९८७ साली युनेस्कोने गावाला जागतिक वारशाचा मान दिला.

नदीकाठच्या एका भारदस्त दरवाजापुढे प्रवाशांची फोटोंसाठी झुंबड होती. तो दरवाजा सिनेमावाल्यांनीच बांधलेला! 'ग्लॅडिएटर'साठी (२०००) इथे कच्च्या विटांचे आखाडेही उभे राहिले होते.

आमच्या सौभाग्यवती मात्र दरवाजाकडे न बघता एका घराच्या छताकडे बघत होत्या. लाकडी तुळया, त्यांवर बोरूच्या काड्या, वर मातीचा थर. "अहो, हे तर आमच्या बार्शीकडचं माळवद!" त्या उद्गारल्या. बार्शीकडे पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी माती टाकतात. विसरलात, तर आषाढात पलंगाखाली घमेले!

त्याच गल्लीत एक वृद्ध गृहस्थ भुसा घातलेल्या चिखलाने भिंत लिंपत होते. आमचा मोटारचालक दुभाष्या झाला.

"आजोबा, सिनेमात काम केलंत का कधी?"

"पुष्कळदा. रोमन झालो, अरब झालो, इराणी झालो. एकदा तर मेलोही!" ते हसले. "दिवसाचे पैसे चांगले मिळतात."

"मग ही भिंत?"

"भिंत माझी मलाच लिंपावी लागते."

इथे पाऊस थोडा, पण आला की झोडपून काढतो. दाबून बसवलेली माती पाण्याने सुटते, भेगा पडतात. दुरुस्ती चुकली की थोड्याच वर्षांत भिंतीचा ढिगारा होतो. घरात माणूस राहत असेल तर भेग आजच दिसते. कुलूप लावलेल्या घराची भेग कोण बघणार? सोयींसाठी बहुतेक कुटुंबे नदीपलीकडच्या नव्या वस्तीत गेली आहेत. आत उरली आहेत ती बोटांवर मोजण्याइतकी. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाने इथल्या भिंतींनाही तडे दिले.

प्रवासी येतात, पैसा येतो, गालिचे खपतात. हे गावाला हवेच आहे. पण पैशाने भिंत आपोआप लिंपली जात नाही. काळ मागे फिरवणारी वाळू पडद्यावरच राहिली. इथे काळाला थोपवायचे तर दरवर्षी चिखल तुडवावा लागतो.

सौभाग्यवतींनी आजोबांना विचारले, "भुसा किती घालता?" त्यांनी ओंजळ करून दाखवली. मग वर आभाळाकडे बोट केले आणि पुन्हा चिखलात हात घातला. ॲटलासवर ढग जमू लागले होते.