डावा रूळ, उजवा रूळ

तिसगावला रेल्वे नाही. नगरहून पाथर्डीकडे निघालं आणि करंजी घाट ओलांडला की आमचं गाव लागतं. गाडीची शिट्टी ऐकायची असेल तर सुमारे ४० किलोमीटर मागं नगरला जावं लागतं. कागदावर ते आता अहिल्यानगर आहे, एसटीत बसलेल्यांच्या तोंडी अजून नगरच. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. म्हणजे तो माझ्यापेक्षा वयानं मोठा. २३ सप्टेंबर २०२२ ला गाडी आष्टीपर्यंत गेली, १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत. तीही आमच्या दक्षिणेकडून. आमच्या तालुक्यातले ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे आजही ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरूनच निघतात.

तरी सध्या गावात एक रेल्वे आहे. आमच्या घराच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत, दोन प्लायवूड जोडून केलेल्या टेबलावर ती धावते. रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. या आकाराला एचओ म्हणतात, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढा. जगातली १४३५ मिलिमीटरची स्टँडर्ड गेज ८७ नं भागली की साडेसोळा येतात. आपली ब्रॉडगेज १६७६ ची, तिचं उत्तर येतं सव्वाएकोणीस. त्यामुळे आमचे डबे निळ्या रंगाचे असले तरी चाकं परदेशी मापाची आहेत. नाना म्हणतात, "चालतंय. आपल्याकडं पंपही कुणाचा आणि मोटार कुणाची असतीय."

नाना माझे चुलते. पस्तीस वर्षं त्यांनी स्टँडजवळ मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवलं. जळालेली मोटार उघडायची, जुनी तांब्याची तार उपसायची, वेढे मोजायचे, नवे भरायचे, वॉर्निश लावून वाळवायची. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की दुकानाबाहेर मोटारींची रांग लागायची. दोन वर्षांपूर्वी साखरेनं त्यांच्या डोळ्यांचा पडदा धरला. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. आता त्यांना माणूस दिसतो, दार दिसतं, वेढ्याची तार दिसत नाही. शटर खाली आलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत, महिन्यातला एक आठवडा घरून काम करतो. दर खेपेला आई हळू आवाजात एकच सांगायची, "नाना बोलत नाहीत रे कुणाशी."

२०१६ साली मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, तेव्हा नानांना कोथरूडजवळच्या जोशींच्या रेल्वे म्युझियममध्ये नेलं होतं. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं हे छोट्या गाड्यांचं शहर १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं. मुलं गाड्या बघत होती. नाना मात्र वाकून टेबलाच्या खाली बघायचा प्रयत्न करत होते. परतताना म्हणाले, "वरची गंमत पोरांची. खरं काम खाली हाय, वायरींत." ते लक्षात ठेवून मी गेल्या वर्षी पुण्यातल्या एका छंदिष्टाकडून जुना सेट घेतला आणि गावी नेला. डीसी कंट्रोलर, एक इंजिन, तीन डबे, पिशवीभर रूळ.

कुठली लाइन करायची हे नानांनीच ठरवलं. "दौंड कर."

नगरच्या माणसाला दौंड वेगळं सांगावं लागत नाही. मनमाडकडून आलेली लाइन दौंड स्टेशनात पुण्याच्या बाजूनं शिरते. त्यामुळे नगरहून पुण्याला जाणारी गाडी दौंडला थांबायची, इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला जाऊन लागायचं आणि गाडी आली तशी उलटी निघायची. त्या वेळात चहा व्हायचा. पुढं दौंड कॉर्ड लाइन झाली. स्टेशन टाळून मनमाडची लाइन पुण्याच्या लाइनला थेट जोडली गेली. आता नकाशावर तिथं एक त्रिकोण दिसतो, एका कोपऱ्यातून स्टेशनकडे, दुसऱ्यातून पुण्याकडे आणि तिसऱ्यातून मनमाडकडे वाट जाते. खऱ्या गाडीला या त्रिकोणाचं काही वाटत नाही, कारण तिची वीज वरच्या तारेतून येते, २५ हजार व्होल्ट एसी. खेळण्यातल्या गाडीची वीज मात्र रुळांतूनच येते, आणि तिथं हाच त्रिकोण भांडण लावतो.

डीसीवरच्या मॉडेल रेल्वेत एक रूळ प्लस, दुसरा मायनस. इंजिनाची चाकं दोन्हींतून वीज घेऊन मोटारीला देतात. दोन वायरी अदलाबदल केल्या की मोटार उलटी फिरते आणि गाडी मागं जाते. हे नानांना समजावायची गरजच नव्हती. शेतातली थ्री फेज मोटार उलटी फिरू लागली की तीनपैकी कुठल्याही दोन फेज बदलायच्या, हे त्यांनी हजार वेळा केलंय. फरक इतकाच, की शेतात मोटार जागेवर असते. इथं मोटार स्वतःच त्या वायरींवरून पळते आणि वायरी वळून पुन्हा एकमेकींना येऊन भेटतात.

ते कुठं भेटतात हे नानांनी बोटानं शोधलं. रूळ मांडून झाले होते, वीज अजून जोडली नव्हती. त्यांनी स्टेशन आणि पुणे यांना जोडणाऱ्या बाजूच्या बाहेरच्या रुळावर तर्जनी ठेवली आणि सरकवायला सुरुवात केली. सांध्यांवर, फाट्यांवर मी फक्त सांगत होतो, "नाना, इथं डावीकडं." बोट पुण्याच्या बाजूनं निघालं, स्टेशनच्या वाटेवर गेलं, तिथून त्याच रुळानं मागं फिरून मनमाडच्या बाजूवर आलं. तिथं ते आतल्या रुळावर होतं. मनमाडच्या कोपऱ्यातून असंच बाहेर जाऊन मागं आलं, तेव्हा कॉर्ड लाइनच्या बाहेरच्या रुळावर. पुण्याच्या कोपऱ्यातून पुन्हा तसंच. आणि जिथून निघालं त्याच बाजूवर परत पोहोचलं, फक्त आता ते आतल्या रुळावर होतं.

बोट एकदाही उचललं नव्हतं. म्हणजे वीजही उचलली जाणार नव्हती. बाहेरचा रूळ आणि आतला रूळ मुळात एकच धातू, वळसा घालून स्वतःलाच भेटलेला. यात प्लस-मायनस जोडणं म्हणजे सरळ शॉर्ट. कितीही काळजीपूर्वक वायरिंग केलं तरी हा शॉर्ट होणारच, कारण तो आकारातच आहे. प्रत्येक कोपऱ्यात बाहेरचं आत जातं. कोपरे तीन, म्हणजे पलट्या तीन. दोन पलट्यांनी माणूस मूळ जागी येतो, तीननं येत नाही. वर्तुळाकार वळून त्याच लाइनला परत मिळणाऱ्या रुळांचंही हेच होतं.

नाना बोट तिथंच ठेवून हसले. कित्येक महिन्यांनी.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. कॉर्ड लाइनच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापायचे. तो तुकडा बाकीच्या लाइनपासून विजेनं वेगळा झाला. त्याला स्वतंत्र वायरी द्यायच्या आणि मध्ये दोन पोल, दोन थ्रोचा स्विच बसवायचा. स्विचच्या मधल्या दोन पायांवर तुकड्याच्या वायरी, एका टोकाच्या दोन पायांवर पुरवठा आणि तिथून दुसऱ्या टोकाच्या पायांवर तिरपी फुली मारलेल्या दोन वायरी. दांडी इकडं केली की पोलॅरिटी सरळ, तिकडं केली की उलट. मुख्य लाइनलाही असाच दुसरा स्विच.

गाडी मनमाडकडून येते. तुकड्याची पोलॅरिटी त्या बाजूशी जुळवून ठेवलेली असते, म्हणून ती न अडखळता आत शिरते. पुढच्या टोकाला मात्र पोलॅरिटी उलटी आहे. आता तुकड्याचा स्विच पलटवला तर इंजिनच मागं फिरेल. म्हणून तो तसाच ठेवायचा आणि गाडी पूर्ण आत असताना मुख्य लाइनचा स्विच पलटवायचा. गाडीला काही कळत नाही, ती चालत राहते, आणि पुढच्या टोकाला पोहोचेपर्यंत बाहेरची लाइन तिच्याशी जुळलेली असते. यासाठी तुकडा अख्ख्या गाडीपेक्षा लांब हवा. नाहीतर इंजिन एका फटीवर आणि आतून दिवे असलेला शेवटचा डबा दुसऱ्या फटीवर, अशी वेळ येते आणि लोखंडी चाकं दोन्हीकडची वीज जोडून टाकतात.

मी एकदा म्हणालो, की डिजिटल पद्धत घेऊ. डीसीसी नावाचं हे मानक जर्मनीतल्या लेंझ कंपनीच्या कामावर उभं आहे आणि अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं ते नव्वदच्या दशकात स्वीकारलं. त्यात रुळांवरची पोलॅरिटी सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत राहते आणि त्या लयीतूनच इंजिनाला आज्ञा जाते. ५८ मायक्रोसेकंदांची अर्धी लाट म्हणजे एक, तिच्याहून लांब म्हणजे शून्य. पुढं की मागं हे इंजिनातली चिप ठरवते. त्रिकोणासाठी ऑटो रिव्हर्सर मिळतो. चाकानं फट ओलांडताच शॉर्ट झाला की तो क्षणार्धात पोलॅरिटी पलटवतो, गाडी थबकतही नाही.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी शॉर्ट होतोच. फक्त आपल्याला कळत नाय."

माझा अख्खा पगार याच गोष्टीवर चालतो. एक रिक्वेस्ट फेल झाली की कोड गुपचूप दुसरी पाठवतो आणि ॲप वापरणाऱ्याला काही कळत नाही. ही सोय वाईट नाही, तिच्याशिवाय तुमच्या फोनवरचं निम्मं जग उघडणार नाही. पण त्रिकोण तिथंच राहतो. आम्ही डीसीच ठेवलं.

मग खरे त्रास सुरू झाले. पहिला, गाडी टेबलाच्या लांबच्या टोकाला मंदावायची. मल्टिमीटर लावला तर सगळीकडं बारा व्होल्ट. नाना म्हणाले, "रिकाम्या लायनीला कायम पुरं व्होल्टेज असतं. लोड टाकून मोज." इंजिन चालू ठेवून मोजलं, लांबच्या टोकाला साडेआठ. वस्तीवरच्या शेवटच्या शेतकऱ्याच्या मोटारीचं जे होतं तेच. स्टार्टर दाबेपर्यंत सगळं ठीक आणि दाबला की मोटार कण्हते. इथं रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या बारीक चिमट्यांत वीज सांडत होती. टेबलाखालून जाड वायर फिरवली आणि तिच्यातून दर दोन-तीन फुटांवर रुळाला शाखा जोडल्या. डाग मी दिले. डाग पक्का बसला का, हे नाना नखानं टिचकी मारून ठरवायचे.

दुसरा त्रास जास्त अवघड होता. एप्रिलमध्ये रोज दुपारी कंट्रोलर ट्रिप व्हायचा. सकाळी गाडी तासभर चालायची, दोननंतर शॉर्ट, रात्री पुन्हा ठीक. कधीतरीच दिसणारा बग कोणालाच नको असतो. नानांनी दुकानातला सिरीज बोर्ड आठवला. दुरुस्त केलेली मोटार थेट लाइनवर न टाकता ते आधी बल्बमधून टाकायचे. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बाकी काही जळत नाही. आम्ही रिक्षाच्या मागच्या दिव्याचा बारा व्होल्टचा बल्ब मध्ये घातला. परदेशातले छंदवालेही गाडीचा बल्ब असाच वापरतात, हे मला नंतर वाचायला मिळालं. मग एकेक शाखा सोडवत गेलो. प्रत्येक वेळी नाना विचारायचे, "हाय का?" आणि मी सांगायचो, "आहे." कॉर्ड लाइनची शाखा सोडवूनही बल्ब पेटलेलाच राहिला. म्हणजे वीज तिथं वायरीतून जात नव्हती, रुळातून जात होती.

नानांनी पत्र्याखालच्या रुळावर हात ठेवला आणि पटकन काढला. "भाजतंय की. मग लांबलं असंल."

रूळ उन्हानं लांबला होता, आणि करवतीच्या पात्याएवढी फट मिटून दोन्ही टोकं एकमेकांना टेकली होती. रात्री थंड झाला की फट पुन्हा उघडायची. मी बाद एटीएम कार्डाचे तुकडे कापून फटीत बसवले, अॅराल्डाइटनं चिकटवले आणि कानशीनं रुळाच्या आकाराला घासले. त्यानंतर मे गेला, दुपारी एकदाही बल्ब पेटला नाही.

खऱ्या रेल्वेतही अशाच फटी असतात. अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सननं १८७२ साली ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना विजेनं वेगळा करतात. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्याला रिले. गाडी आली की तिची चाकं-आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेची वीज तुटते, सिग्नल लाल होतो. रूळ मोडला किंवा बॅटरी संपली तरीही लालच. शेजारच्या दोन तुकड्यांची पोलॅरिटी मुद्दाम उलटी ठेवतात, म्हणजे मधला इन्सुलेशनचा सांधा निकामी झाला तर दोन्हींची वीज एकमेकींना मारते आणि बिघाड लपून राहत नाही. नानांना हे मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

डोळे सुधारलेले नाहीत, सुधारणारही नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण जूनपासून सकाळचे दोन तास दुकानाचं शटर अर्धं वर असतं. चुलतभावाची मुलगी नववीत आहे. सुट्टीच्या दिवशी ती नानांशेजारी स्टुलावर बसते. तार ती बघते, प्रश्न नाना विचारतात. "बल्ब पूर्ण पेटला का मंद? वास येतो का? मोटार हातानं फिरवून बघ, कुठं अडती?" नव्या मोटारी ते भरत नाहीत. बिघाड कुठं आहे ते सांगतात आणि पाथर्डीला पाठवतात. याचे पैसे घ्यावेत की नाही यावर घरात वाद चालू आहे.

आता वरच्या दौंडला एक सिग्नल बसवायचा आहे. परवा नाना त्या मुलीला ट्रॅक सर्किट समजावत होते. ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे इथं शॉर्ट मुद्दाम करायचा?"

"व्हय," नाना म्हणाले, "पण कुठं ते आपण ठरवायचं. धर, बोट ठेव हितं."