आज रात्री राहायचं कुठं?

आमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यामागं, जप्त केलेल्या मोटारसायकली गंजत पडल्यात त्याच्या पलीकडं, महिला समुपदेशन केंद्राची खोली आहे. मी तिथं बसते. ठाण्याच्या आत एखाद्या सामाजिक कार्यकर्तीनं टेबल टाकून बसावं ही कल्पना मुंबईची. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर आयुक्तालयात असा पहिला विशेष कक्ष सुरू केला, आणि पुढं तसे कक्ष महाराष्ट्रभर झाले. आमची खोली त्यांच्या लांबच्या नात्यातली म्हणायची.

येणाऱ्या बाईच्या हातात बहुतेक वेळा एक कॅरीबॅग असते. रेशनकार्डाची झेरॉक्स, पोरांची आधार कार्डं, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, आणि लग्नातला एक फोटो, फ्रेममधून घाईनं ओढून काढलेला, मागं पुठ्ठा चिकटलेला. लग्न झालं हे दाखवावं लागतं असं तिला वाटेत कुणीतरी सांगितलेलं असतं. आधी तिला ठाणे अंमलदारासमोर उभं राहावं लागतं. तो विचारतो, "काय करायचं? टाकायचा का आत?" यात दुष्टावा नसतो. त्याला कायद्यानं तेवढंच शिकवलंय. बाई म्हणते, "आत नको साहेब. त्याला जरा समज द्या आन् मला घरात घ्यायला लावा." अंमलदार माझ्याकडं बघतो. 'बघा मॅडम, केस करायचीच नसते यांना' हे न बोलता बोलून होतं. एन.सी. लिहिली जाते, म्हणजे अदखलपात्र, म्हणजे नोंद झाली आणि पुढं काही नाही.

मला त्या बाईचं बोलणं कधीच गोंधळलेलं वाटलं नाही. गावाकडची शेवटची एस.टी. सातची. धाकटं पोर कडेवर झोपलंय. माहेरी भावजय दार उघडेल, पण चार दिवसांनी भांडी आपटायला लागेल. नवरा आत गेला तर सासू त्या घरात राहू देणार नाही, आणि तो जामिनावर सुटला की मग काय होईल ते तिला नीट ठाऊक आहे. त्याचं काय करायचं, एवढंच व्यवस्था तिला विचारते. आज रात्री निजायचं कुठं, हा तिचा प्रश्न फॉर्मवर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

बाईनं राहायचं कुठं, हे सांगायला मात्र कायद्याला पूर्वी फार उत्साह होता. मुंबई उच्च न्यायालयातलं रखमाबाईचं प्रकरण आठवावं. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, नवऱ्याकडं कधी गेलेली नाही, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढलेली. १८८४ मध्ये दादाजी भिकाजीनं दावा लावला, बायको ताब्यात मिळावी म्हणून. दुसऱ्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. एका तरुण बाईला तिच्या इच्छेविरुद्ध अशा माणसाकडं पाठवणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. पण अपील झालं, प्रकरण फिरून आलं, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याच्या आत नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाली, तुरुंग चालेल. 'केसरी' तिच्या बाजूचा नव्हता, हे सांगायला नकोच.

गंमत अशी की, ज्या इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांमधून ही दाव्याची तऱ्हा आपल्याकडं आली, तिथं असा हुकूम मोडल्याबद्दल तुरुंगात टाकणं १८८४ मध्येच बंद झालं होतं. हिंदू धर्म बुडाला म्हणून इथं आरडाओरडा चालला होता तो विलायतेहून आलेल्या हत्यारासाठी! अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीनं पाठ सोडली. रखमाबाई लंडनला गेली, डॉक्टर झाली, सुरतेत आणि राजकोटमध्ये तिनं आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

ही गोष्ट शाळेत धैर्याची म्हणून सांगतात, आणि ते खरंच आहे. पण केंद्रात बसणाऱ्या माझ्यासारखीला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आईनं पुनर्विवाह करताना पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावावर केली होती. डोक्यावर छप्पर होतं, वकिलाची फी द्यायला पैसा होता, आणि दादाजीला तिच्यापेक्षा तिच्या मिळकतीत जास्त रस होता अशी कुजबुजही होती. धैर्य तिचं होतंच. पण परत जायला घर नसलेल्या बाईचं धैर्य कोर्टाच्या दारापर्यंत पोचत नाही, ते वाटेतच, भावाच्या पडवीत संपतं.

तो दावा गेला असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो आजही आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ते जिवंत केलं. इंग्लंडनं ते १९७० मध्येच मोडीत काढलं होतं. आता तुरुंग नाही, पण कलम उपयोगाला येतं. बाईनं खावटी मागितली की आठ-पंधरा दिवसांत वकिलाची नोटीस येते : माझे अशील आपणास नांदवण्यास तयार आहेत. नांदायला गेली नाही की खावटी कशाला, असा युक्तिवाद. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, न जायला पुरेसं कारण असेल तर नांदण्याचा हुकूम मोडला तरी खावटी मिळू शकते. एवढं सांगायला आपल्याला २०२५ साल उजाडावं लागलं.

दुसरीकडं फौजदारी कायदा वाढत गेला. त्यामागं बायकांच्या चळवळी होत्या, पुण्या-मुंबई-दिल्लीत निघालेले हुंडाबळींविरुद्धचे मोर्चे होते, ते मी कमी लेखत नाही. १९८३ मध्ये सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. हे दुसरं कलम वाचताना मला नेहमी अडखळायला होतं. लग्नापासून सात वर्षांच्या आत ती मेली तर कायदा तिच्या बाजूनं गृहीत धरायला तयार आहे. जिवंत असताना मात्र तिनंच सगळं सिद्ध करायचं. दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीनं २०१३ च्या जानेवारीत, महिन्याभराच्या आत अहवाल दिला. शिक्षा वाढल्या. लग्नातल्या बलात्काराला दिलेली सूट काढा, ही समितीची शिफारस तेवढी राहिली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं २०२१ मध्ये फाशीपर्यंत जाणारं 'शक्ती' विधेयक मंजूर केलं. त्याचा कायदा काही झाला नाही. टीव्हीवर मात्र दोन दिवस फाशीची चर्चा जोरात झाली. फाशीच्या चर्चेला खर्च येत नाही.

४९८-अ बद्दल 'खोट्या केसेस' हे पालुपद मी इतकं ऐकलंय की, त्यावर फार लिहावंसं वाटत नाही. फिर्यादीत दिराचं, नणंदेचं, पुण्याला असणाऱ्या मावससासऱ्याचंही नाव घातलेलं मी पाहिलंय. ते बाई घालत नाही, सल्ला देणारे घालतात. कारण बरीच वर्षं तिच्या हातात तेवढं एकच कलम होतं. तिला हवं असायचं स्त्रीधन, पोरांच्या शाळेची फी, एक खोली. आणि हे मागायला दाव्याचा रस्ता इतका लांबचा की, त्यापेक्षा सगळ्यांना आरोपी करून तडजोडीला बसवणं जवळचं वाटायचं. हत्यार चुकीचं दिलं की ते चुकीचं चालणार.

म्हणून २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मला या सगळ्यात शहाणा वाटतो. २००६ च्या ऑक्टोबरात तो लागू झाला. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ आहे, पैसे अडवून ठेवणं आहे, आणि लैंगिक अत्याचारही आहे. म्हणजे लग्नातला जो बलात्कार फौजदारी कायदा अजून गुन्हा मानत नाही, त्याला हा कायदा निदान हिंसा म्हणतो. बहीण, आई, विधवा भावजय यांनाही दार उघडं आहे. आणि सतराव्या कलमात तो सरळ म्हणतो की, घर नावावर असो नसो, त्या सामाईक घरात राहायचा बाईला हक्क आहे. एकोणिसाव्या कलमाखाली कोर्ट नवऱ्याला सांगू शकतं, तू बाहेर हो. १८८७ ते २००५. तिनं त्याच्या घरी जावं या हुकमापासून त्यानं घर सोडावं या हुकमापर्यंत यायला एवढा काळ गेला.

सासऱ्यांच्या नावावरचं घर असेल तर काय? २००६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ते घर 'सामाईक' नाही असा अर्थ लावला, आणि चौदा वर्षं कलम लंगडत राहिलं. घर म्हाताऱ्याच्या नावावर असणं ही आपल्याकडं रीतच आहे. २०२० च्या ऑक्टोबरात तीन न्यायमूर्तींनी तो अर्थ पुसून टाकला. कायद्याप्रमाणं पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न हवा. प्रत्यक्षात समन्सच बजावून येत नाही. पत्त्यावर माणूस आढळला नाही असा शेरा येतो. तो माणूस बाहेर टपरीवर बसलेला असतो. संरक्षण अधिकारी नावाचं पद या कायद्याचा कणा आहे. त्याच्याकडं गाडी नसते, आणि असली तर ती दुसऱ्या कार्यभाराच्या दौऱ्यावर असते. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' केंद्र आहे, तिथं तात्पुरतं राहता येतं, पाच दिवस. सहाव्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या विवाहित बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसणाऱ्यांपैकी कुणाकडं तरी मदत मागितलेल्या जेमतेम १४ टक्के. आमच्या खोलीत येतात त्या या चौदांतल्याही थोड्या. बाकीच्या गप्प का, याला 'सोशिकपणा' हे उत्तर पुरुषांना आवडतं. मला प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांचा केरळातला अभ्यास जास्त पटतो. त्यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे पाचशे बायकांशी बोलून पाहिलं. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांच्यातल्या ४९ टक्क्यांनी कधी ना कधी नवऱ्याचा मार खाल्ला होता. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांमध्ये हा आकडा ७ होता. शिक्षणानं, नोकरीनंही एवढा फरक पडत नव्हता. जाता येईल अशी जागा आहे, एवढं दोघांना ठाऊक असलं तरी उचललेला हात बऱ्याचदा खाली येतो.

आपल्याकडं हे फार आधी एका शेतकरी नेत्याला उमगलं होतं. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, आणि त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' काढली : शेतकऱ्यानं स्वखुशीनं बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करावा. गावात शंभर जणांनी केलं की जोशी त्या गावी जात. जोशींचं अर्थकारण मला सगळंच पटत नाही, पण सात-बारावर बाईचं नाव लागणं हा हिंसेवरचा उपाय आहे, हे पोलीस खात्याला अजून सुचलेलं नाही.

आमच्याकडची एक बाई, नाव सांगत नाही. तिला मागच्या वर्षी राहण्याचा हुकूम मिळाला. घर सासऱ्यांचं, दोन खोल्यांचं. बेलिफ आणि कॉन्स्टेबलच्या समोर दार उघडलं गेलं. सासूनं दुसऱ्या दिवशी मधोमध पत्र्याचं पार्टिशन ठोकून घेतलं, चूल वेगळी झाली, मोरी सामाईक राहिली. नवरा पलीकडं. मारत नाही, कारण हुकूम मोडला तर वर्षापर्यंत कैद आहे हे त्याच्या वकिलानं त्याला समजावलंय. परवा ती आली ती लाइटबिल घेऊन. मीटर सासऱ्यांच्या नावावर, पलीकडच्या खोलीत. त्यांनी आतून तिच्या बाजूची वायर काढली. मोठ्या पोरीची दहावी आहे, ती रस्त्यावरच्या दिव्याखाली बसते. "मॅडम, जज साहेबांनी घरात राहा म्हटलं, लाइटीचं काई म्हटलं नाई का?" हुकमाची नक्कल काढून पाहिली. राहण्याबद्दल सगळं आहे, विजेचा उल्लेख नाही. महावितरणच्या कार्यालयात वेगळ्या मीटरसाठी विचारलं तर तिथल्या साहेबांनी घरमालकाचं ना-हरकत पत्र मागितलं. घरमालक म्हणजे सासरे. मग वकीलबाईंनी हुकमात दुरुस्तीचा अर्ज टाकला : वीज, पाणी आणि मोरी यांचा स्पष्ट उल्लेख व्हावा. पोरीला संध्याकाळी आमच्या खोलीत अभ्यासाला बसवायचं ठरवलं, तर ठाण्यात अल्पवयीन मुलगी बसवायची म्हणून वरिष्ठांची परवानगी लागली. तीही मागितली आहे. अर्जाची तारीख दिवाळीनंतरची पडली, वकीलबाई ती अलीकडं ओढायच्या खटपटीत आहेत.